चौकातला मुसोलिनी

जालिंदर कसबे यांनी उभ्या आयुष्यात कुणाला 'गप बस' म्हटलं नाही, आणि स्वतःही कधी गप्प बसले नाहीत. एकतीस वर्षं ते एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या खोलीत बसून माईकवर गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. बार्शी, वैराग, अकलूज, अक्कलकोट ही नावं त्यांनी इतक्या वेळा घेतली होती, की निवृत्त झाल्यावर घरात आमटी वाढायला सांगतानासुद्धा ते आधी घसा साफ करत. चौकात त्यांना जालिंदर म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे कंट्रोलरच म्हणायचे.

कंट्रोलरांचं एक तत्त्व होतं. ज्याला जे बोलायचं ते बोलू द्यावं, ज्याला जो बोर्ड लावायचा तो लावू द्यावा. पटला नाही तर शेजारी आपला लावावा, पण दुसऱ्याचा फाडू नये. हे तत्त्व ते रोज सकाळी दानम्माच्या चहाच्या गाड्यावर मांडत, आणि रोज सकाळी जोतीराम गुरुजी ते खोडून काढत. गुरुजी मूळचे बार्शीचे, हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. शिकवायची खोड गेली नव्हती आणि वर्ग मात्र सुटला होता, त्यामुळे सगळा इतिहास कंट्रोलरांच्या वाट्याला आला. दहा वर्षं हा वाद चालला होता. तेवढ्या काळात दानम्माचा गाडा दोनदा बदलला, वाद तोच राहिला.

"गाडी आवडती का नावडती हे कंट्रोलरनं बघायचं नसतं," जालिंदर म्हणत. "फलाटाला लागली की पुकारायची. बसायचं का नाही ते पब्लिक ठरवंल."

"आन् ब्रेक नसलेली गाडी लागली तर?" गुरुजी विचारत. "तीबी पुकारणार?"

मग गुरुजी मुसोलिनीला बाहेर काढत. हा बाबा आधी वर्तमानपत्राचा संपादक होता, लिहून आणि भाषणं ठोकून मोठा झाला, आणि खुर्ची मिळाल्यावर त्यानं इतरांची वर्तमानपत्रं बंद पाडली. म्हणजे लोकांनी त्याला बोलू दिलं आणि त्यानं लोकांचं तोंड शिवलं. अशा माणसाला पहिल्याच सभेत खाली उतरवायला हवा होता, असं गुरुजींचं मत. त्यावर जालिंदर इंग्रजांचा १९३० चा मार्शल लॉ काढत. याच सोलापुरात झेंडा हातात धरला म्हणून माणसं तुरुंगात टाकली होती, ती कुणी टाकली? ज्यांच्या हातात बंदी घालायची सत्ता होती त्यांनी. ती सत्ता आज तुम्ही चांगल्या माणसाला द्याल, उद्या ती कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. दानम्माला दोघांचंही पटायचं. तिची तक्रार एवढीच होती, की दोघं मिळून गिऱ्हाइकाचं बाकडं अडवतात.

बरं, कंट्रोलरांचं तत्त्व नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मल्हारच्या वाढदिवसाचा फ्लेक्स फाडायला दुसऱ्या गटाची पोरं आली होती. मल्हार म्हणजे चौकातला युवा नेता. नगरसेवक व्हायचं एवढंच काय ते बाकी होतं. त्या फ्लेक्सवर त्यानं स्वतःला 'जनतेचा श्वास' म्हणवून घेतलं होतं, आणि ते वाचून जालिंदरांना स्वतःलाच गुदमरायला झालं होतं. तरी ते खुर्ची घेऊन फ्लेक्सखाली जाऊन बसले. आधी उत्तर लिहून आणा, मग फाडायचं बघू, असं त्यांनी पोरांना सुनावलं. उत्तर लिहायचं म्हटल्यावर पोरं निघून गेली. तेव्हापासून मल्हार त्यांच्या पाया पडायचा.

या सगळ्या तत्त्वाचं मूळ जालिंदरांच्या वडिलांत होतं. गेनू रावजी कसबे, वैरागजवळच्या एका वाडीतले. बाबासाहेबांचं ऐकून दुसऱ्या महायुद्धात भरती झाले आणि पूल बांधणाऱ्या पलटणीतून थेट इटलीला पोचले. युद्ध संपलं, गेनू वाडीत परत आले. अंगावर खाकी, छातीवर पदक. संध्याकाळी पारावर माणसं जमली होती, तिथं जाऊन ते उभे राहिले आणि मोठ्या हौसेनं सांगू लागले, की मी इटलीत होतो. एवढं एक वाक्य झालं. पारावरून कुणीतरी म्हणालं, "खाली बस." पारावर बस असं नव्हे, पाराच्या खाली, धुळीत. गेनू बसले नाहीत, पुढं बोललेही नाहीत. पाठ फिरवून घरी आले आणि वर्षभरात सोलापुरात गिरणीला लागले. बाहेर पुन्हा कधी त्यांनी इटलीचं नाव काढलं नाही. घरात मात्र बायको भाकरी थापत असली, की तिच्यासमोर बसून सगळं सांगायचे. त्या बायकोचं नाव नागूबाई. ती आता त्र्याण्णव वर्षांची होती.

नागूबाईची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, नजर लख्ख. गेल्या जयंतीला तिला रिक्षातून मिरवणूक दाखवायला नेलं, तेव्हा तिनं वाटेतले सगळे फ्लेक्स नीट बघून घेतले. एकेका चौकात चाळीस-चाळीस तोंडं. घरी आल्यावर तिनं लेकाला समोर बसवलं.

"येवढी ढीगभर तोंडं लावल्यात," ती म्हणाली. "ह्येंनी कुटं काय केलंया? तुज्या दादांचा एक फोटू लाव की चौकात. मी बगते आन् मग खुशाल जाते."

वयाची बाहत्तर वर्षं झाली, जगातल्या सगळ्यांच्या बोर्डांची राखण केली, पण आपल्या बापाचा एक बोर्ड लावावा हे जालिंदरांना सुचलं नव्हतं. त्याची त्यांना मनापासून लाज वाटली.

दिवस ठरला पंचवीस एप्रिल. इटली सुटली तो दिवस म्हणून गेनू त्या दिवशी घरात गूळ-शेंगदाणे वाटायचे. जालिंदरांनी महापालिकेची रीतसर परवानगी काढली, तीन दिवसांची, शिक्क्यासकट. मजकूर गुरुजींनी लिहून दिला : 'फॅसिझमविरुद्ध इटलीच्या भूमीवर लढलेले शिपाई कालकथित गेनू रावजी कसबे यांना विनम्र अभिवादन.' मुसोलिनीचा फोटो टाकायची कल्पनाही गुरुजींचीच. कुणाविरुद्ध लढले ते दिसलं पाहिजे, नाहीतर लोकांना वाटेल भाऊबंदांविरुद्ध, असं त्यांचं म्हणणं. तसं बघितलं तर गेनूंच्या पलटणीसमोर तेव्हा जर्मन सैन्य होतं, असंही ते पुढं म्हणाले, पण ते फ्लेक्सवर मावत नव्हतं म्हणून राहिलं.

फ्लेक्स छापायचा तो गुरुशांतकडे. चौकातल्या सगळ्या शुभेच्छा, श्रद्धांजल्या आणि निवडी त्याच्याच मशीनमधून बाहेर पडायच्या. जालिंदरांनी त्याला बजावून सांगितलं : मध्ये दादांचा फोटो, मोठा. खाली कोपऱ्यात मुसोलिनी, बारीक, आणि त्याच्यावर लाल फुली. गुरुशांत मान डोलावत होता आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यामागं सोनेरी किरणं लावत होता. संध्याकाळी त्यानं नमुना व्हॉट्सॲपवर पाठवला. जालिंदरांनी चष्मा लावून वडिलांचं नाव अक्षर न् अक्षर तपासलं, कारण गिरणीच्या हजेरीपटावर ते जन्मभर चुकीचं लिहिलेलं होतं. नाव बरोबर होतं. बाकी काही न बघता त्यांनी अंगठा पाठवला.

पंचवीस तारखेला सकाळी आठला ते धुतलेला पांढरा शर्ट घालून चौकात आले आणि जागच्या जागी थिजले.

फ्लेक्सच्या मधोमध मुसोलिनी होता. दहा फूट उंच, कमरेवर हात, हनुवटी वर. डोक्यामागं सोनेरी किरणं. दोन्ही बाजूंना डरकाळी फोडणारे वाघ. वर मोठ्या लाल अक्षरांत 'विनम्र अभिवादन'. आणि खाली, जिथं वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कार्यकर्ते असतात, तिथं एका गोल चौकटीत गेनू कसबे. शेजारी लिहिलं होतं : 'शुभेच्छुक – कालकथित गेनू रावजी कसबे (इटली)'. नाव अगदी बरोबर होतं.

एवढंच असतं तरी चाललं असतं. मुसोलिनीच्या गळ्यात झेंडूचा हार होता.

दानम्मा गाडा लावता लावता हात जोडून उभी होती. "यार्री इवरू?" हे कोण साहेब, म्हणून तिनं विचारलं. तिला ते अकलूजकडच्या एखाद्या साखर कारखान्याचे चेअरमन वाटले होते. पेपर टाकणाऱ्या माणसाला ते रिटायर डीएसपी वाटले. मेलेला माणूस शुभेच्छा कसा देतो, हे मात्र दोघांनाही कळलं नव्हतं.

जालिंदरांनी गुरुशांतला फोन लावला. गुरुशांत मेहुण्याच्या साखरपुड्याला अकलूजला गेलेला, दुकानाला कुलूप. तो शांतपणे म्हणाला, काका, दादांचा फोटो जुना, मोठा केला की फुटतो. तो दुसरा फोटो फुल क्लिअर होता, मोठ्या जागेला तोच बसला.

"आन् फुली?"

"काका, फुली मारलेला फोटो चौकात लावला की भांडणं होत्यात. मी काढली. आन् तो फॅसिझम का काय शब्द, तो पण वादग्रस्त वाटालता, म्हणून उडवला. आपण वादग्रस्त काय छापत न्हाय. तुमी अंगठा दिलाव की."

अंगठा दिला होता हे खरंच होतं. जालिंदर फोन ठेवून फ्लेक्सकडे बघत राहिले. ज्याला हरवायला बाप सात समुद्र ओलांडून गेला, त्याच्याच पायाशी बापाला शुभेच्छुक करून बसवलं, आणि तेही रीतसर परवानगी काढून. दहाला आई येणार होती. पहाटेपासून ती निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून बसली होती, आणि सोबतीला जालिंदरांची नात संघप्रिया होती. या वयात आईला असं काही दिसलं, तर ते दुःख तिच्याबरोबर जाईल, असं मनात येऊन त्यांनी घड्याळात पाहिलं.

तेवढ्यात गुरुजी आले. फ्लेक्स बघून त्यांचं तोंड आधी उघडं पडलं, मग त्यावर हळूहळू एक हसू पसरलं, तेही दहा वर्षं दाबून ठेवलेलं.

"मग कंट्रोलर," ते म्हणाले, "शेजारी दुसरा लावायचा, का फाडायचा?"

दुसरा छापायला वेळ नव्हता आणि गुरुशांतही नव्हता. जालिंदरांनी दानम्माच्या गाड्यावरची लिंबं चिरायची सुरी उचलली, तिचंच स्टूल ओढलं आणि वर चढले. दहा वर्षांचं तत्त्व त्या स्टुलाच्या पहिल्या पायरीवरच खाली राहिलं. गुरुजींनी मोठ्या आनंदानं स्टूल धरलं.

"काका, काय करालाव?" मागून कुणीतरी ओरडलं.

मल्हार होता. पांढरे कडक कपडे, कपाळाला गंध. आज दहा वाजता त्याच्या पाणपोईचं उद्घाटन होतं. मांडव, चार रांजण, माईक, नारळ, पन्नासेक माणसं, सगळी तयारी झालेली. फ्लेक्सला हार त्यानंच घातला होता. सकाळी येऊन बघतो तर चौकात एवढा मोठा साहेब लागलेला आणि आपल्याला ओळख नाही. राजकारणात अनोळखी मोठ्या माणसाला हार घालून ठेवलेला बरा, ओळख मागून काढता येते, हा त्याचा हिशेब. पाहुण्यासाठी आणलेला हार त्यानं वर चढवला, हात जोडून फोटो काढला आणि 'आदरणीय साहेबांचे आशीर्वाद' म्हणून स्टेटसला टाकलाही.

आता त्यानं जालिंदरांचा सुरीचा हात धरला. "फाडायचा न्हाय काका. तुमीच शिकवलंय आमाला. माझा बोर्ड वाचवलाव तुमी. आधी उत्तर लिहा, मग बघू, म्हणालाव."

"अरे, हा माझाच बोर्ड आहे," जालिंदर म्हणाले.

"तुमचा असला तरी काय झालं? तत्त्व म्हणजे तत्त्व."

जालिंदरांचं स्वतःचंच नाणं परत आलं होतं आणि ते खोटं म्हणायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी स्टुलावर उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की हा साहेब नाही, हा मुसोलिनी आहे, इटलीचा हुकूमशहा, हिटलरचा दोस्त.

मल्हारनं क्षणभर विचार केला. स्टेटस काढावं की ठेवावं, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता. तोवर मांडवातली माणसं फ्लेक्सखाली जमली. हिटलर म्हटल्यावर प्रत्येकाला काही ना काही माहीत निघालं. एकजण म्हणाला, माणूस शिस्तीचा होता म्हणे. दुसरा म्हणाला, त्याच्या राज्यात गाड्या टायमावर सुटायच्या. तिसऱ्यानं आपल्या हेडमास्तरांना हिटलर म्हणायचे असं सांगितलं आणि ते फार चांगले होते असंही सांगितलं. चौथ्याचं म्हणणं पडलं, की आपल्याकडं असाच एखादा पाहिजे, निदान नळाला पाणी तरी रोज येईल.

गुरुजींचं हसू मावळलं. स्टूल सोडून ते खाली मान घालून उभे राहिले. "बघा कंट्रोलर," ते हळूच म्हणाले. "ब्रेक नसलेली गाडी. लोकं चढायलीसुद्धा."

जालिंदरांनी सुरीकडे पाहिलं. फाडला असता तरी ही माणसं हेच बोलत घरी जाणार होती, आणि वर फाडला म्हणून चार दिवस मुसोलिनीचीच बाजू घेणार होती. त्यांनी सुरी दानम्माला परत दिली, स्टुलावरून उतरले आणि सरळ मल्हारच्या मांडवात जाऊन माईक उचलला. त्यांनी घसा साफ केला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे," असं त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं, आणि चौकातल्या निम्म्या माणसांनी सवयीनं आपापल्या पिशव्या उचलल्या.

एकतीस वर्षं ज्या आवाजानं दुसऱ्यांच्या गाड्या पुकारल्या, त्या आवाजात त्यांनी पहिल्यांदा आपल्या बापाचं नाव घेतलं. वरचा मोठा माणूस कोण, आणि खाली गोलात आहे तो कोण, हे सांगितलं. वरच्यानं गाड्या टायमावर सोडल्या का नाही ते एसटीच्या माणसाला विचारा, हुकमानं गाडी टायमावर येत असती तर आम्ही रोज हुकूम सोडला असता, असं म्हणाल्यावर माणसं हसली. मग त्यांनी सांगितलं, की या वरच्याच्या राज्यात त्याच्याविरुद्ध लिहिणारे तुरुंगात गेले, मारले गेले. तिथं त्याच्याविरुद्ध असा एक फ्लेक्स लावायची कुणाची छाती नव्हती. आणि खालचा माणूस तिथं पूल बांधत होता. तोफगोळे पडत होते आणि हे नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे. पूल उडाला, पुन्हा बांधला.

"पूल बांधून झाला आन् पलीकडच्या गावातली एक म्हातारी बाहेर आली," जालिंदर म्हणाले. "तिनं दादांना घरात नेलं. तिच्या स्वैपाकघरात बसवलं. तिच्या प्यायच्या भांड्यातनं पाणी दिलं. जात विचारली नाही. दादांचं वय तवा बावीस, आन् दुसऱ्याच्या घरात बसून पाणी प्यायची ती त्यांची पहिलीच वेळ."

मल्हार आपल्या रांजणांकडे बघत होता. वाडीत परत आल्यावर पारावर काय झालं, ते जालिंदरांनी सांगितलं. बापाला एक वाक्य बोलून खाली बस म्हटलं, म्हणून मी कुणालाच खाली बस म्हणत नाही, या हार घातलेल्यालाही नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत माईकवर त्यांचा आवाज कधी फाटला नव्हता.

त्याच वेळी रिक्षा येऊन थांबली. संघप्रियानं आधी उतरून फ्लेक्सकडे पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि पणजीला पुन्हा आत बसवायला वळली. तोवर नागूबाई काठी टेकत खाली उतरली होती. माणसांनी वाट दिली. ती फ्लेक्ससमोर येऊन उभी राहिली आणि वर बघू लागली. जालिंदर माईक हातात धरून तसेच तिच्याजवळ गेले.

"आये, चूक झाली. माझीच चूक," ते म्हणाले. ते माईकवरून सगळ्या चौकाला ऐकू गेलं.

नागूबाईनं आधी खालचा गोल शोधला. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं मान हलवली, ओळख पटल्यासारखी. मग काठीनं वर दाखवलं.

"ह्यो कोन?"

"त्योच. मुसोलिनी. दादा ज्याच्याविरुद्ध लढायला गेले तो."

नागूबाई बराच वेळ त्या दहा फुटी माणसाकडे बघत राहिली. कमरेवरचे हात, हनुवटी, किरणं, वाघ, सगळं तिनं बघून घेतलं.

"येवडा मोटा हुता व्हय त्यो," ती म्हणाली. "मला वाटायचं, आसंल कुनीतरी फौजदार. ह्ये सांगायचे, मी भाकरी थापायची. मला वाटायचं, मानूस वाडवून सांगतोय." तिनं पदरानं डोळे पुसले. "येवड्या मोट्याला पाडला की ओ तुमी."

हे शेवटचं ती गोलातल्या नवऱ्याला म्हणाली.

जालिंदर रडत होते, आणि गुरुजी खिशात नसलेला रुमाल शोधत होते. मल्हारनं हळूच विचारलं, आजी, फ्लेक्स उतरवू का, पोरं लावतो लगेच. नागूबाईला ते अजिबात पटलं नाही.

"ऱ्हाऊ दे की. त्यो दिसल्याबिगर ह्येंनी काय केलं ते कसं कळायचं?" मग तिनं काठी पुन्हा वर केली. "हार तेवडा खाली घे."

गुरुजींनी जालिंदरांकडे पाहिलं, जालिंदरांनी गुरुजींकडे. दहा वर्षं दोघं एका बाकड्यावर बसून लावायचा की फाडायचा यावर भांडत होते, आणि हार काढायचा हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. मल्हार स्वतः स्टुलावर चढला. त्यानं हार काढला, खाली उतरला आणि गेनू कसबेंच्या गोलाला घातला. गोल लहान, हार मोठा, त्यामुळे 'शुभेच्छुक' हा शब्द झेंडूत झाकला गेला.

मल्हारच्या पाहुण्यांचा अजून पत्ता नव्हता. त्यानं पहिल्या रांजणातलं पाणी तांब्यात घेतलं आणि नागूबाईपुढं धरलं. ती प्याली. झालं उद्घाटन. दानम्मानं तिला सावलीत स्टूल दिलं.

"बोलायचा का थांबलास?" तिनं लेकाला विचारलं. "फुडचं सांग की."

पुढचं जालिंदरांना माहीत नव्हतं. दादा सांगायचे तेव्हा ते शाळेत असायचे, नंतर नोकरीत. पूल एकदा उडाला एवढंच त्यांना ठाऊक होतं. पूल तीनदा उडाला होता, असं म्हातारी म्हणाली, आणि कुठल्या वेळी कोण मेलं तेही ती सांगू लागली. जालिंदरांनी माईक तिच्यापुढं धरला. तिनं तो हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि समोर पाहिलं. पन्नास-साठ माणसं तिच्या डोक्यावर उभी होती, मल्हारसकट, गुरुजींसकट, हिटलर शिस्तीचा म्हणणाऱ्यासकट.

"म्या सांगते त्येंचं," नागूबाईचा आवाज भोंग्यातून साऱ्या चौकात गेला. "खाली बसा."

एप्रिलचं ऊन होतं, डांबर तापलेलं होतं. मल्हारनं आपल्या पांढऱ्या पँटीकडे एकदा बघितलं आणि तो रस्त्यावर मांडी घालून बसला. त्याच्यामागं सगळे बसले.